शस्त्राचा परवाना की श्रीमंतीचा दाखला?

वस्तू व सेवा कराची नवी रचना २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आली. सामान्य कुटुंबाच्या वापरातील अनेक वस्तू स्वस्त झाल्या, त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. त्याच वेळी चैनीच्या व घातक वस्तूंसाठी ४० टक्के कराचा वेगळा वर्ग निर्माण झाला. खासगी वापराची विमाने आणि मौजेच्या नौका यांच्या पंगतीला रिव्हॉल्वर व पिस्तूलही जाऊन बसले. पूर्वी त्यांच्यावर २८ टक्के कर होता. म्हणजे लाख रुपये मूळ किमतीच्या शस्त्रावर कालपर्यंत २८ हजारांचा कर पडत होता, तो आता ४० हजारांवर गेला. याची चर्चा फारशी कोणी केली नाही. पिस्तुलाच्या बाजूने बोलायचे म्हणजे हिंसेचा पुरस्कार करायचा, असा एक सोयीस्कर समज आपल्या सार्वजनिक जीवनात घट्ट रुजलेला आहे. त्या समजापायी एक मूलभूत प्रश्न अंधारात राहतो. कायद्याने वागणाऱ्या नागरिकाच्या हाती शस्त्र द्यावे की न द्यावे, हे कोणी ठरवायचे? त्याच्या चारित्र्याने आणि प्रशिक्षणाने, की त्याच्या तिजोरीने?

भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या चौदाव्या कलमात परवाना कोणाला नाकारावा याची कारणे दिली आहेत. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम फारसे कोणी वाचत नाही. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे ते स्पष्टपणे सांगते. स्वतंत्र भारताच्या संसदेने इंग्रजी अमदानीतील जमीनदारी वृत्तीला दिलेले ते उत्तर होते. परंतु कायद्याने जो दरवाजा उघडा ठेवला, तो किमतीने आणि कराने बंद केला आहे. गिरगावच्या चाळीतील सराफाचा कारकून, लालबागचा मसाल्याचा छोटा व्यापारी, परळच्या रुग्णालयातून रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका यांना कायदा अपात्र म्हणत नाही. त्यांना अपात्र ठरवतो तो दुकानातील किमतीचा कागद.

निःशस्त्रीकरणाचा वारसा

या दुरवस्थेचे मूळ शोधायचे तर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीपर्यंत मागे जावे लागते. १८७८ मध्ये त्याच्या राजवटीने दोन कायदे आणले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली आणि दुसऱ्याने भारतीयांच्या हातातील शस्त्र काढून घेतले. युरोपीय मंडळींना त्या शस्त्रबंदीतून सूट होती. लेखणी आणि तलवार एकाच वर्षी जप्त करणाऱ्या राज्यकर्त्यांना आपण काय करतो आहोत, याची पुरती जाणीव होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव केला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. आज शस्त्र या शब्दानेच ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांनी आपल्याच पूर्वसूरींचे हे ठराव एकदा वाचावेत.

महाराष्ट्राला तर हा इतिहास परका नाही. १९०९ च्या आरंभी लंडनहून परतणाऱ्या चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पाठविलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईत उतरली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे ठाण्याच्या कारागृहात फासावर गेले. परकीय सत्तेने ज्यांना मत मांडण्याचा एकही मार्ग ठेवला नव्हता, अशा पिढीचा तो संघर्ष होता. आजच्या लोकशाहीत त्याचे अनुकरण कोणी करू नये आणि करण्याचे कारणही नाही. परंतु एक योगायोग विचार करायला लावणारा आहे. आजच्या भारतात सामान्य नागरिकाला परवान्यावर जे पिस्तूल मिळू शकते, त्याचा ०.३२ बोअर हा जॉन ब्राउनिंग यांनीच १८९९ च्या सुमारास रचलेल्या काडतुसाचा आहे. सव्वाशे वर्षे लोटली, राज्य बदलले, राज्यघटना आली. नागरिकाच्या हातातील काडतूस मात्र तेच राहिले.

पर्याय तरी किती?

परवडणारे पहिले पिस्तूल निवडावे म्हणणाऱ्या नागरिकापुढे प्रत्यक्षात काय वाढून ठेवलेले असते, ते पाहण्यासारखे आहे. ९ मिलिमीटर, ०.३८, ०.४५ हे बोअर त्याला निषिद्ध आहेत. उरतात ०.३२ आणि ०.२२. ऐंशीच्या दशकात नागरिकांसाठीची आयात बंद झाली. तेव्हापासून सरकारी आयुधनिर्माणींची मक्तेदारी निर्माण झाली आणि जुन्या विदेशी पिस्तुलांचे भाव गगनाला भिडले. त्याच काळात सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली विदेशी शस्त्रे विकत घेण्याची सवलत खासदारांना होती. सामान्यांना रांग आणि मान्यवरांना मागचे दार, या समाजवादी परंपरेतून शस्त्रही सुटले नाही.

सरकारी कारखान्याचे ०.३२ पिस्तूल 'अशनि' या नावाने ओळखले जाते. अशनि म्हणजे वज्र. नाव इंद्राच्या आयुधाचे. परंतु स्पर्धा नसली की वज्रालाही गंज चढतो. ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची सोयच नसेल, तर घडणीत सुधारणा करण्याची आणि किंमत आटोक्यात ठेवण्याची गरज कारखान्याला का वाटावी? १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाले आणि लहान शस्त्रांचे काम कानपूरच्या कंपनीकडे आले. अलीकडच्या वर्षांत खासगी उत्पादकांनाही दार उघडले. ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु कारखान्याने स्पर्धेतून चार पैसे कमी करावेत आणि करखात्याने त्याच्या दुप्पट वाढवावेत, असा खेळ चालू राहिला तर ग्राहकाच्या पदरी काय पडणार?

'निर्भीक'ची कहाणी या विसंगतीचा कळस आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष अत्याचारानंतर देश हादरला. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुधनिर्माणीने स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून ५०० ग्रॅम वजनाचे, टायटॅनियम मिश्रधातूचे ०.३२ रिव्हॉल्वर बाजारात आणले आणि त्या अभागी मुलीला माध्यमांनी दिलेल्या नावाचा धागा धरून त्याचे नाव 'निर्भीक' ठेवले. किंमत होती १,२२,३६० रुपये. जिच्या स्मरणार्थ हे नाव ठेवले, तिचे वडील विमानतळावर सामान वाहण्याचे काम करीत होते. त्या घराला हे शस्त्र कधीतरी परवडले असते का? २२ ऑगस्ट २०१३ रोजी महालक्ष्मीच्या ओसाड शक्ती मिलमध्ये एका छायापत्रकार तरुणीवर अत्याचार झाला. तिथे उत्तर हवे होते ते दिव्यांचे, गस्तीचे आणि त्या उजाड जागेच्या बंदोबस्ताचे. राज्याने आपले हे कर्तव्य पार पाडायचे नाही आणि लाखाचे रिव्हॉल्वर दाखवून स्त्रियांनी स्वतःचे रक्षण करावे असे सुचवायचे, ही सरळसरळ जबाबदारी झटकणे आहे.

माकडाच्या हाती कोलीत

परंतु किमतीचा अन्याय दाखवून थांबले तर विषय अर्धाच राहील. पिस्तूल स्वस्त झाले आणि प्रशिक्षण जिथल्या तिथे राहिले, तर हाहाकारच माजेल. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईतील एका सुप्रसिद्ध अभिनेत्याच्या पायात स्वतःच्याच परवानाधारी रिव्हॉल्वरमधून सुटलेली गोळी घुसली. त्याआधी ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईच्याच उपनगरात एका माजी नगरसेवकाची हत्या झाली. ती ज्या पिस्तुलाने झाली, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. पहिल्या घटनेत हाताळणीचा प्रश्न होता, दुसऱ्या घटनेत शस्त्र कोणाच्या ताब्यात राहते याचा. दोन्ही ठिकाणी पैशाची चणचण नव्हती. उणीव होती ती शिस्तीची.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची रचना समजून घेतली की प्रशिक्षणाचा आग्रह का, हे ध्यानी येते. मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक रचलेली असतात. चाप ओढला की गोळी सुटते. तिच्या धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना पुढचे काडतूस नळीत चढवतो. प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो, म्हणून ते अर्धस्वयंचलित. गोम अशी की मॅगझिन काढून घेतले तरी नळीत चढलेले काडतूस तिथेच राहते. अननुभवी माणूस मॅगझिन बाजूला ठेवतो, पिस्तूल रिकामे झाले असे समजतो आणि पुसायला घेतो. नेमका इथेच घात होतो. दुकानातील विक्रेता पिस्तुलाचा चकचकीत मुलामा दाखवील. नळी तपासण्याची सवय मात्र शिक्षकाच्या नजरेखाली शेकडो वेळा केलेल्या सरावातूनच हाडीमांसी खिळते.

म्हणूनच २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आवश्यक केले. पोलिसांच्या अहवालाला ३० दिवसांची मुदत घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्नाच्या वरातीत वा उत्सवात बेदरकारपणे हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. ही तरतूद स्वागतार्हच आहे. शस्त्र मिरवणारा शस्त्राची पूजा करीत नाही, तो विटंबना करतो.

खरी पायरी कोणती?

अशा परिस्थितीत पहिले परवडणारे पिस्तूल कोणते, या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या काचेआड सापडत नाही. पहिले पिस्तूल हवेच्या दाबाचे असावे. ०.१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. अशी हवाई शस्त्रे घडवणारे उद्योग आपल्या ठाणे जिल्ह्यातच आहेत. पकड, श्वास, नजर, चापावरील बोटाचा संयम हे सारे दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यापुढे शिकता येते. दुसरी पायरी ०.२२ ची. त्याचा धक्का सौम्य, काडतूस तुलनेने स्वस्त, त्यामुळे नवशिक्याचा सराव भरपूर होतो. ऑलिम्पिकमधील २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल ही स्पर्धाही ०.२२ च्या अर्धस्वयंचलित पिस्तुलानेच खेळली जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते याच प्रकारात. ०.३२ चा विचार करायचा तो ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे आणि ज्याने या दोन पायऱ्या चढल्या आहेत, अशानेच. आणि हिशेब करायचा तो केवळ पिस्तुलाचा नव्हे. प्रशिक्षण, काडतुसे, रेंजचे शुल्क, कुलूपबंद पेटी, दुरुस्ती हा सारा खर्च धरून करायचा. बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत जिथे पाच माणसे झोपतात, तिथे मुलांच्या हाताला न लागणारी जागा कोणती, याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने पिस्तूल घेऊच नये. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही.

ही पायरीपायरीची वाट मध्यमवर्गीयांना दुर्लभ नाही. अंजली भागवत यांची नेमबाजी दादरच्या कीर्ती महाविद्यालयातील एनसीसीतून सुरू झाली. वरळीच्या शूटिंग रेंजवर ती तावून सुलाखून निघाली. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी आणि २००२ मध्ये म्युनिकला मिळालेला 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' हा बहुमान, इथवर ती वाट गेली. शिवाजी पार्कला सावरकरांच्या स्मारकात नेमबाजीचे प्रशिक्षण दिले जाते, हे तर त्या नावाला साजेसेच आहे. नाशिकला १९३७ मध्ये धर्मवीर डॉ. मुंजे यांनी भोसला सैनिकी विद्यालय उभारले, त्यामागे हाच विचार होता. समाजाला शस्त्र द्यायचे असेल तर आधी शिस्त द्या. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

डॉक्टर आंबेडकरांचे उत्तर

संविधान सभेत हा प्रश्न डिसेंबर १९४८ मध्ये उभा राहिला. हरी विष्णू कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. तिला उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. परळच्या चाळीत ज्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ज्यांनी ग्रंथांसाठी 'राजगृह' उभारले, त्या बाबासाहेबांना निःशस्त्र, दुर्बळ माणसाचे दुःख कोणी शिकवायला नको होते. तरीही त्यांनी हा हक्क सरसकट देण्यास विरोध केला. सरसकट हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तोच मागतील, ही त्यांची शंका होती. आणि पुढे त्यांनी जो विचार मांडला, तो आज विस्मरणात गेला आहे. बदललेल्या परिस्थितीत लोकांनी आग्रह धरायचाच असेल तर तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा. संकटाच्या वेळी राष्ट्राने हाक दिली तर प्रत्येक नागरिक सिद्ध असला पाहिजे, असा त्याचा आशय होता.

या कर्तव्यभावनेचे दर्शन मुंबईने घेतले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती आणि समोर एके-४७ घेतलेला कसाब होता. त्यांनी त्या बंदुकीची नळी स्वतःच्या देहाशी धरून ठेवली. अशोकचक्राने त्यांचा मरणोत्तर गौरव झाला. त्या रात्री खिशाखिशात ०.३२ पिस्तूल असते तर दहशतवादी पळाले असते, हे म्हणणे भाबडेपणाचे आहे. २५ ऑगस्ट १९९४ रोजी मुंबई भाजपचे अध्यक्ष रामदास नायक यांच्यावर एके-४७ चालली, तेव्हा सोबत पोलीस अंगरक्षक होता. तोही कामी आला. अशा हल्ल्यांना उत्तर सुसज्ज पोलीस दलानेच द्यायचे असते. ओंबळे यांच्या हाती लाठीच का होती, हा प्रश्न ज्या राज्यकर्त्यांना तेव्हा छळला नाही, त्यांनी नागरिकांच्या शस्त्रांवर प्रवचने झोडू नयेत, एवढेच. आणि त्या बलिदानाने सिद्ध केले ते हे की, शस्त्रामागचे मन आधी घडावे लागते.

मागण्या आणि मर्यादा

गुन्हेगार परवाना मागायला आयुक्तालयाची पायरी चढत नाही. त्याच्या कमरेला गावठी कट्टा असतो. कराचा चटका बसतो तो केवळ अर्ज भरणाऱ्याला, चौकशीला सामोरे जाणाऱ्याला, निवडणूक आली की निमूटपणे शस्त्र जमा करणाऱ्याला. याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून ही चूक पोटात घालावी, असा दंडक नाही. उलट आपल्या माणसांनी चूक दाखवली तर ती लवकर सुधारते.

सरकारने चार गोष्टी कराव्यात. प्रशिक्षण प्रमाणपत्र असलेल्याच्या पहिल्या शस्त्रावरील आणि ०.२२ च्या क्रीडा पिस्तुलावरील चैनीचा कर काढावा. स्पर्धेसाठीची ०.२२ पिस्तुले आजही प्रामुख्याने परदेशी घडणीची असतात. तेव्हा कानपूरच्या कंपनीने आणि खासगी कारखानदारांनी शिकाऊंसाठी स्वदेशी, माफक किमतीचे ०.२२ पिस्तूल घडवावे. 'निडर' हे ०.२२ रिव्हॉल्वर काढून ईशापूरच्या कारखान्याने स्वस्त शस्त्राची वाट दाखवली आहेच. गिरण्यांच्या जागेवर आकाशाला भिडणारे मनोरे उभे राहिले. त्यांतील एखाद्या तळमजल्यावर परळ-लालबागच्या मुलांसाठी दहा मीटरची हवाई रेंज उभी करायला कितीशी जागा लागते? आणि परवान्याच्या अर्जाला नियमातील मुदतीत, कारणांसह उत्तर मिळावे. नकार द्यायचा तर खुशाल द्यावा, पण तो अर्जदाराच्या आचरणावरून द्यावा.

समाजानेही स्वतःकडे पाहावे. खंडेनवमीला आणि विजयादशमीला घरोघर शस्त्रपूजन होते. हळदकुंकू वाहिलेले ते शस्त्र वर्षभर कसे वागवावे, हे मात्र कोणी शिकवत नाही. समर्थ व्यायाम मंदिराने १९२५ पासून शिवाजी पार्कवर मल्लखांब जपला, तशी नेमबाजीही गल्लीगल्लीतील मंडळांनी जपावी. वर्गणीतून उभा राहणारा मंडप दहा दिवसांत उतरतो. त्याच वर्गणीतून घेतलेली दोन हवाई पिस्तुले आणि एक चांगला शिक्षक दहा वर्षे पुरतात. ज्या घरातील मुलगी दहा मीटरवरून मनावर ताबा ठेवून लक्ष्य भेदते, त्या घराला पिस्तूल मिरवण्याची गरज उरत नाही. आणि एखाद्या दिवशी राष्ट्राने हाक दिलीच, तर तिला प्रशिक्षणासाठी रांगेत उभे राहावे लागणार नाही.